पियानो ब्लॅकवरचे ओरखडे आणि टवके: घासण्याआधी ओळखा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. गाडी तीन वर्षांची आहे. गिअरभोवतीची काळी चकचकीत (पियानो ब्लॅक) पट्टी उन्हात बघवत नाही इतकी ओरखड्यांनी भरली आहे. कप होल्डरच्या काठाचा मसुराच्या डाळीएवढा टवका उडाला आहे. कोणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्टने घासून पाहिलं, तर तेवढा भाग धुरकट झाला. शोरूमवाले म्हणतात, अख्खा कन्सोल, म्हणजे दोन सीटांमधला गिअर आणि कप होल्डरचा सगळा भाग, बदला.

धुरकटपणाची काळजी सोडा, तो निघेल. ओरखडेही बरेचसे निघतील. काठावरच्या टवक्याचं शेवटी बोलू, कारण तिथे माझं उत्तर तुम्हाला कदाचित आवडणार नाही. पुण्यात गाड्यांच्या रंगकामात आणि पॉलिशमध्ये माझी वीसेक वर्षं गेली. या काळ्या पट्ट्यांचं वापरून झालेलं नुकसान मी जेवढं पाहिलं, त्याहून जास्त दुरुस्त करायला जाऊन झालेलं पाहिलं. त्यात सुरुवातीच्या काळात मी स्वतः केलेलंही आहे. बाहेरच्या बॉनेटसाठीचं लोकरी पॅड घेऊन एका डॅशबोर्डच्या पट्टीवर मशीन फिरवलं होतं. अर्ध्या मिनिटात प्लॅस्टिक मऊ होऊन लाट आली. नवी पट्टी माझ्या खिशातून आली.

आधी हे समजून घ्या की दिसायला सारख्या दिसणाऱ्या या पट्ट्या आतून दोन जातींच्या असतात. एका जातीत काळा रंग प्लॅस्टिकच्या अंगातच असतो. एबीएस, किंवा पीएमएमए म्हणजे अ‍ॅक्रिलिक, असलं काहीतरी प्लॅस्टिक आरशासारख्या गुळगुळीत साच्यात दाबून भरतात आणि पट्टी चकचकीतच बाहेर पडते. वर रंगाचा थर नाही. दुसऱ्या जातीत साधी पट्टी घेऊन तिच्यावर काळा रंग आणि त्यावर क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, मारलेला असतो, बाहेरच्या पत्र्यासारखा, फक्त बराच पातळ. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन) जाड असतो आणि हा क्लिअरचा थर सहसा त्याहून बराच पातळ असतो. म्हणजे चूक करायला वाव किती, ते लक्षात घ्या. बाहेरच्या रंगाची जाडी मोजायचं आपलं नेहमीचं यंत्र इथे कामाचं नाही, ते धातूवरच चालतं. त्यामुळे इथला खरा मीटर तुमचा डोळा.

ओळखायचं कसं? पट्टी निघत असेल तर उलटी करून पाठ बघा. रंग मारलेल्या पट्टीच्या काठावर मागच्या बाजूला स्प्रेची धूळ बसलेली दिसते, रंग जिथे संपतो ती रेघ दिसते. अंगचा काळा असेल तर असं काही नसतं. पाठीवर दोन बाणांच्या टोकांमध्ये प्लॅस्टिकचं नावही कोरलेलं असतं, ते टिपून ठेवा, पुढे लागेल. पट्टी काढायची नसेल तर पांढऱ्या मायक्रोफायबर फडक्यावर पॉलिशचा थेंब घेऊन कोपऱ्यात, सहज दिसणार नाही अशा जागी, हलक्या हाताने दहा-बारा वेळा फिरवा. फडक्यावर काळसर डाग आला तर रंग अंगातला आहे. नाही आला तर वर क्लिअर किंवा एखादा कडक पारदर्शक लेप आहे, आणि तो आहे असंच धरून जपून चालायचं. तुमच्या बाबतीत टवकाच बरंच सांगेल. त्याच्या कडेला सालपट निघाल्यासारखी पायरी दिसते का आणि खाली निस्तेज काळं किंवा करडं प्लॅस्टिक आहे का? मग रंग आहे. नुसता खड्डा पडला असेल आणि तळही काळाच असेल, कुठे थर म्हणून दिसत नसेल, तर अंगचा काळा.

आता ओरखड्याची खोली. काळ्यावर ओरखडा पांढरा दिसतो म्हणून लोकांना वाटतं रंग गेला. रंग कुठेही गेलेला नसतो. ओरखड्याच्या कडांवर प्रकाश विखुरतो म्हणून तो पांढरा भासतो. बोट पाण्यात बुडवून ओरखड्यावर फिरवा. ओला असेपर्यंत तो दिसेनासा झाला तर वरवरचा आहे, पॉलिशने जाईल. पाण्याखालीही दिसत राहिला आणि वरून आडवं नख फिरवल्यावर नख अडकलं, तर तो ओरखडा नव्हे, चरा आहे. एबीएसमध्ये आणखी एक भानगड असते. किल्लीसारखं काही जोरात घासलं गेलं की ताणामुळे प्लॅस्टिक आतूनच पांढरं पडतं. तो पांढरेपणा पॉलिशने जात नाही, तेवढं प्लॅस्टिक घासून काढलं तरच जातो.

हे ओरखडे येतात कुठून, तेही सांगतो, कारण ते कारण चालू असताना पॉलिश करणं म्हणजे पावसात अंगण झाडणं. ते कारण म्हणजे पिवळं फडकं. सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसणारा माणूस बाहेरची धूळ ज्या फडक्याने पुसतो, तेच झटकून आत फिरवतो. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या धुळीत वाळूचे कण असतात आणि ते या प्लॅस्टिकपेक्षा कितीतरी कठीण. दुसरं कारण आपलं खास आहे. नव्या गाडीची पूजा. हळद-कुंकू आणि अक्षता डॅशबोर्डवर पडतात, दुसऱ्या दिवशी कोरड्या कपड्याने खसाखसा पुसतात, आणि गाडी शंभर किलोमीटरही चालायच्या आत पट्टीवर बारीक ओरखड्यांचं जाळं तयार. पूजा जरूर करा, पण पुसायच्या आधी मऊ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने ते उचलून घ्या आणि मग ओल्या फडक्याने टिपा.

कामाला सुरुवात धुण्यापासून. गाडी सावलीत घ्या, पट्टी हाताला थंड लागली पाहिजे. उन्हात उभ्या असलेल्या गाडीत पट्टी आधीच तापलेली असते, त्यात घासण्याची उष्णता मिळाली की मऊ पडायला वेळ लागत नाही. ही प्लॅस्टिकं साधारण १०० अंशांच्या आसपास आपला आकार सोडू लागतात, आणि पृष्ठभाग त्याच्या बराच आधी चिकटायला लागतो. कोमट पाण्यात शाम्पूचे दोन थेंब, मेकअपच्या ब्रशसारखा मऊ ब्रश, आणि पाणी पट्टीवर न ओतता ब्रशवर. खाली स्विच आणि वायरिंग आहे. सांध्यांत अडकलेली माती बाहेर काढून टिपून घ्या. मग सगळ्या फटी, बटणं, शेजारचं खरखरीत प्लॅस्टिक मास्किंग टेपने झाका. खरखरीत प्लॅस्टिकवर पॉलिश गेलं तर वाळून पांढरं बसतं आणि ते काढायला मूळ कामापेक्षा जास्त वेळ जातो. ज्या बटणांमागे दिवा लागतो, त्यांच्यावर पॉलिश अजिबात नको, चिन्हं पुसली जातात. टचस्क्रीनलाही नको, तिच्यावरचा लेप उडतो.

आणि थिनर लांब ठेवा. रंगाच्या दुकानात मिळणारा थिनर किंवा नेलपॉलिश काढायचं अ‍ॅसिटोन यांनी एबीएस आणि अ‍ॅक्रिलिक दोन्ही विरघळतात. एकदा बोळा फिरला की विषय संपला, तो भाग कशानेही परत येत नाही. काच पुसायचा अमोनियावाला स्प्रे नको. नुसतं स्पिरिटही अ‍ॅक्रिलिकवर नको. २०२० मध्ये लोकांनी गाडीत भसाभस सॅनिटायझर मारलं, तेव्हा कित्येक गाड्यांत आरसा तडकल्यासारख्या बारीक भेगा पडलेल्या पट्ट्या माझ्याकडे आल्या. त्या भेगा पॉलिशने जात नाहीत, कारण त्या पृष्ठभागावर नसतात, आत गेलेल्या असतात.

तुमच्या पट्टीसाठी मशीन नसलं तरी चालेल. बारीक फिनिशिंग पॉलिश आणि मऊ फोमचा अ‍ॅप्लिकेटर एवढ्यावर धुरकट भाग आणि जाळं यांतलं बहुतेक काम होतं. पॉलिश वाटाण्याएवढं घ्या, हाताच्या पंजाएवढ्या भागात पसरवा आणि सरळ रेषेत, पट्टीच्या लांबीच्या दिशेने घासा. गोल गोल फिरवू नका. हाताने गोल फिरवलं की राहिलेल्या रेषा कुठल्याही कोनातून चमकतात, सरळ रेषा एकाच कोनातून दिसतात. जोर बेताचा. टूथपेस्ट वाईट नसते, तीही घासूनच काम करते, पण तिचे कण चकाकीसाठी केलेले नसतात आणि ते तुटून बारीक होत नाहीत. बऱ्याच चांगल्या पॉलिशमधले कण घासता घासता बारीक होत जातात, म्हणून शेवटी चकाकी येते. म्हणूनच पॉलिश लावून लगेच पुसायचं नसतं. ते पातळ, पारदर्शक होईपर्यंत हात चालू ठेवायचा.

मशीन वापरायचंच असेल तर एक ते तीन इंची पॅडचं छोटं ड्युअल अ‍ॅक्शन (पॅड फिरता फिरता डुलतं असं) मशीन घ्या, सर्वांत मऊ फोम, सर्वांत कमी वेग, एका जागी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त नाही. दर वेळी बोटाची पाठ लावून बघा. कोमट लागलं तर ठीक, चटका जाणवला तर पॅड उचला आणि चहा प्या. काठांवर आणि वळणांवर मशीन नेऊच नका. तिथे क्लिअर सगळ्यांत पातळ असतो आणि पॅडचा दाब सगळ्यांत जास्त पडतो.

पुसणं हा वेगळा भाग आहे आणि इथेच बरेच लोक हरतात. अंगच्या काळ्या प्लॅस्टिकचा पृष्ठभाग इतका मऊ असतो की छान पॉलिश करून झाल्यावर पुसताना नवे ओरखडे पडतात. मायक्रोफायबर जाड लवेचं, काठाला शिलाई नसलेलं, लेबल कापलेलं हवं. ते किंचित ओलं करायचं, पट्टीवर ठेवायचं, टिपायचं आणि स्वतःच्या वजनाने ओढून घ्यायचं. दाबायचं नाही. काम कसं झालं ते मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. ट्यूबलाइटखाली सगळंच छान दिसतं.

नख अडकणाऱ्या चऱ्यांना वॉटर पेपर, म्हणजे ओला करून वापरायचा बारीक पॉलिश पेपर, लागतो. त्याचा नंबर जितका लहान तितका तो खरखरीत. तिथे माझा सल्ला असा की चरा पूर्ण काढायच्या मागे लागू नका, त्याच्या कडा बोथट करा. कडा गोल झाल्या की प्रकाश विखुरणं कमी होतं आणि चरा सहज नजरेत येत नाही. ३००० नंबरचा फोमवाला पेपर साबणाच्या पाण्यात दहा मिनिटं भिजवा, चऱ्याच्या आसपास दोन बोटांच्या रुंदीत सात-आठ हात मारा, पुसा, बघा. गरज पडली तरच २०००. त्याखाली जायचं नाही. मग ५०००, मग पॉलिश. अंगच्या काळ्यावर ही मधली ५००० ची पायरी गाळली तर पेपरच्या रेषा पॉलिशने लवकर जात नाहीत, आणि त्या घालवायला जोर लावला की प्लॅस्टिक तापतं. क्लिअर असलेल्या पट्टीवर पेपर मारताना येणारं पाणी दुधाळ असतं. ते काळं यायला लागलं त्या क्षणी थांबा, कारण क्लिअर संपला आणि तुम्ही रंगात उतरलात. आता ती पट्टी रंगवायलाच लागणार.

खोबरेल तेल, डॅशबोर्डचं सिलिकॉन, ग्लेझ यांनी ओरखडे भरले जातात आणि दोन-चार दिवस पट्टी नवी दिसते. गाडी विकायच्या आदल्या दिवशी काही जण हेच करतात. सेकंडहँड गाडी बघायला जाताना खिशात ओलं फडकं ठेवा आणि पट्टी पुसून बघा.

टवका. रंगवलेल्या पट्टीवर मधल्या भागातला टवका घरी भरता येतो. सुटलेली सालपटं कोरून काढा, कडा २००० च्या कागदाच्या बारीक टोकाने हलक्या करा, पाण्यात मिसळलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने एकदा टिपून घ्या. मग काळा टच-अप रंग घ्या. बाटलीत आलेला ब्रश फेकून द्या, तो झाडूसारखा असतो. उदबत्तीची काडी टोकाला तासून घ्या आणि तिने थेंब सोडा. ओढायचं नाही, सोडायचं. रंग वाळताना खाली बसतो, म्हणून एका थरात खड्डा कधीच भरत नाही. दोन थरांमध्ये काही तास द्या, चार-पाच वेळा करा, शेवटी तो भाग किंचित वर आलेला दिसला पाहिजे. एकदम जाड थेंब टाकला तर वरून साय धरते आणि आतला थिनर प्लॅस्टिकला खातो. मग आठवडाभर हात लावू नका. हा आठवडा कोणीच पाळत नाही, आणि म्हणूनच महिन्याभराने तिथे पुन्हा खळगा दिसतो. नंतर टवक्याच्या दोन्ही बाजूंना टेप लावा, खोडरबराच्या कडक तुकड्यावर २००० चा कागद गुंडाळून वर आलेला भाग टेपच्या पातळीपर्यंत आणा, टेप काढा, ३०००, पॉलिश. जुलै-ऑगस्टमध्ये हे काम टाळा. दमट हवेत लॅकर, म्हणजे नुसता वाळून बसणारा रंग, वाळताना पांढरट होतो, आणि काळ्यावर तो पांढरटपणा चुन्यासारखा उठून दिसतो.

अंगच्या काळ्या पट्टीतला खड्डा खोल असतो, तिथे रंग पुरत नाही. माझी पसंती हळू वाळणाऱ्या दोन ट्यूबच्या इपॉक्सीला, त्यात चिमूटभर काळं रंगद्रव्य. दिव्याची कोरडी काजळी चालते. डोळ्यात घालायचं काजळ नाही, त्यात तेल असतं आणि इपॉक्सी बसत नाही. नेटवर काळं यूव्ही रेझिन (अतिनील प्रकाशाने कडक होणारं) दाखवतात, पण काळा रंगच तो प्रकाश अडवतो. वर कडक, आत चिकट राहतं. वापरायचंच तर कागदाएवढे पातळ थर द्या. इन्स्टंट गोंद झटपट भरतो, पण त्याची वाफ आजूबाजूच्या चकचकीत भागावर पांढरी धूळ होऊन बसते. बंद गाडीत तर हमखास. एकाने बंद काचांत गोंद लावला आणि एका टवक्याचं काम अख्ख्या पट्टीच्या पॉलिशवर गेलं.

कुठलीही भर टाका, समोरून पाहिलं तर काळ्यात काळं मिसळून जातं. काळा रंग जुळवायला सोपा असतो, हे या कामातलं सुख. तिरक्या उन्हात मात्र भर दिसते, कारण तिची चकाकी आणि मूळ पट्टीची चकाकी कधी तंतोतंत एक होत नाही. हे आधीच मान्य असेल तरच भरायला बसा.

आणि तुमचा टवका काठावर आहे. तिथे भर टिकत नाही. बाटली ठेवताना, काढताना रोज तिथेच धक्का लागतो आणि भरलेला तुकडा एक दिवस बाटलीबरोबर निघून येतो. म्हणून काठासाठी माझ्याकडे दोनच उत्तरं आहेत: तेवढा तुकडा बदला, नाहीतर पूर्ण रंगवा.

बदलायचं म्हणजे अख्खा कन्सोल बदलायला हवा असं नाही. बऱ्याच गाड्यांत वरची चकचकीत रिंग वेगळी निघते आणि वेगळी मिळतेही. तिच्या पाठीवर पार्ट नंबर असतो. तो घेऊन पुण्यात नाना पेठेत पार्टच्या दोन-तीन दुकानांत विचारा. नाही मिळाली तर मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या पार्टच्या बाजारात पुढून ठोकलेल्या गाडीचा आतला भाग धडधाकट मिळू शकतो. काढताना स्क्रूड्रायव्हर घालू नका, तो शेजारी नवा टवका पाडतो. उचकटायच्या चपट्या प्लॅस्टिक हत्यारांचा सेट येतो, तो घ्या आणि क्लिप जिथे आहे तिथेच उचला. स्टीअरिंगवरची किंवा एअरबॅगच्या शेजारची पट्टी स्वतः काढू नका. ते काम बॅटरीचं कनेक्शन काढून, कंपनीच्या पद्धतीने, जाणकाराकडूनच.

रंगवायचं ठरवलंत तर पट्टी काढून पेंटरकडे द्या, आणि पाठीवरचं प्लॅस्टिकचं नाव त्याला सांगा. एबीएसवर रंग चांगला धरतो. पॉलिप्रॉपिलिन असेल तर प्लॅस्टिक प्रायमर नसताना मारलेला रंग सालीसारखा निघतो. हार्डनरवालाच (कडक करणारं द्रव्य मिसळलेलाच) क्लिअर मारायला सांगा, नुसता लॅकर नखानेही ओरखडतो. हा क्लिअर घरी गॅलरीत मारू नका. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसाला वाईट, आणि कापडी मास्कने अडत नाही. एक गोष्ट ठासून सांगा: क्लिअर वाळल्यावर पेपर मारून सपाट करून रबिंग करून हवं. स्प्रेच्या बंदुकीतून आलेल्या क्लिअरला संत्र्याच्या सालीसारखे बारीक उंचवटे असतात. दरवाजावर ते खपतात. साच्यातून आरशासारख्या निघालेल्या शेजारच्या पट्टीजवळ ते लगेच उघडे पडतात.

तिसरा मार्ग म्हणजे ही चकाकीच नको म्हणणं. मॅट काळी किंवा ब्रश केलेल्या धातूसारखी फिल्म लावली की ओरखडे आणि बोटांचे ठसे दोन्ही प्रश्न मिटतात. चकचकीत काळी फिल्म मात्र लावू नका, ती मूळ पट्टीपेक्षा लवकर ओरखडते. चकाकी ठेवायची असेल तर पारदर्शक टीपीयू पीपीएफ, म्हणजे रंग वाचवणारी लवचिक प्लॅस्टिकची फिल्म. तिच्यावरचे हलके ओरखडे उष्णतेने भरून येतात, आणि आपल्याकडे उष्णता पार्किंगमध्येच मिळते. खालचे ओरखडे काढल्याशिवाय लावू नका, ती काही लपवत नाही. लावणारा माणूस पट्टीवरच ब्लेड चालवत असेल तर त्याला तिथेच थांबवा. ब्लेडची रेघ फिल्म काढल्यावर सापडते. सिरॅमिक कोटिंगने पुसणं सोपं होतं, किल्लीचा ओरखडा अडत नाही.

तुमच्यासाठी क्रम असा ठेवा. येत्या रविवारी सावलीत धुणं आणि हाताने फिनिशिंग पॉलिश, फक्त धुरकट भागावर. तो गेला तर बाकी पट्टी. चऱ्यांना आत्ता हात लावू नका, जाळं गेल्यावर त्यातले निम्मे खुपायचे बंद होतील. काठाच्या टवक्यावर तोवर काळ्या परमनंट मार्करचा एक ठिपका द्या. हसू नका, माझ्या स्वतःच्या गाडीत दोन वर्षं तोच आहे. रिंग मिळाली तर बदला, नाही तर दिवाळीच्या सुमारास, हवा कोरडी झाली की रंगवून घ्या. डॅशबोर्डवर गणपती चिकटवलेला असेल आणि तोही हलवायचा असेल, तर खालची दुहेरी टेप पात्याने खरवडू नका. दात साफ करायचा फ्लॉस करवतीसारखा मागे-पुढे ओढत मूर्ती सोडवा आणि राहिलेला चिकटा बोटाने गोळी करत काढा.